कोर्टातले उत्तर : बुची एमेचेटा धारूरहून वाचताना

बुची एमेचेटा यांच्या ‘द जॉइज ऑफ मदरहूड’ (१९७९) या कादंबरीविषयी बोलणे निघाले की चर्चा होते ती तिच्या शेवटाची. मला मात्र ही कादंबरी तिच्यातल्या एका कोर्टाच्या प्रसंगापाशी उभी आहे असे वाटते.

न्नू एगो ही इबुझा गावातली इग्बो बाई. लग्न करून लागोस शहरात आलेली. नवरा न्नाइफे सुरुवातीला एका गोऱ्या कुटुंबाचे कपडे धुतो, पुढे त्याला धरून महायुद्धावर नेतात. ती सिगारेटी, काड्यापेट्या, सरपण विकून मुलांची पोटे भरते. मुलगी एका योरुबा खाटकाच्या मुलाबरोबर निघून जाते तेव्हा न्नाइफे हत्यार घेऊन त्या घरावर धावून जातो आणि प्रकरण कोर्टात उभे राहते. वकील न्नू एगोला विचारतो, मुलाच्या शाळेची फी कोण भरते? ती सांगते, नवरा. खोदून विचारल्यावर कळते की पैसे तिच्या विक्रीतले आहेत. मग नवरा भरतो असे का सांगितले? तिला प्रश्नच समजत नाही. ती नवऱ्याची आहे, तेव्हा तिची कमाईही त्याचीच. कोर्टात हशा पिकतो. नवऱ्याला वाचवायला आलेल्या बाईच्या साक्षीने त्याचाच पाय आणखी खोलात जातो, आणि त्याचा दोष पुढे तिच्याच माथी येतो.

या हशात मला सामील होता आले नाही, कारण हे उत्तर मला ओळखीचे आहे. आमच्या धारूर भागातून दसरा-दिवाळीनंतर माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांची मोजदाद माणशी होत नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्यावर मिळते, ती घेतो नवरा, आणि मुकादमाच्या वहीत नाव त्याचे. ऊस तोडण्याबरोबर मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरणे, पहाटेची भाकरी हे तिचे. हिशेब कोणाशी झाला असे तिला विचारा. ‘मालकाशी’ असे उत्तर येईल, आणि मालक म्हणजे नवरा. ही बाई भोळी आहे असे समजणारा वाचक त्या वकिलाच्याच बाकावर बसलेला असतो. तिने व्यवस्थेचा नियम अचूक सांगितलेला असतो. एमेचेटांची ताकद ही की त्या न्नू एगोच्या तोंडी बंडाचे भाषण घालत नाहीत. नियम तिच्याच तोंडून वदवतात आणि बाजूला होतात.

हे त्यांना जमले याचे कारण त्यांच्या आयुष्यात आहे. जन्म १९४४ चा, लागोसचा. वडील लहानपणीच गेले. शिष्यवृत्तीवर शाळा, सोळाव्या वर्षी लग्न, १९६२ मध्ये दोन मुलांना घेऊन नवऱ्यामागे लंडन. बाविसाव्या वर्षी पाच मुलांसह त्यांनी नवऱ्याचे घर सोडले. त्याआधी नवऱ्याने त्यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित जाळले होते. ‘सेकंड क्लास सिटिझन’मध्ये (१९७४) हा प्रसंग येतो. जळलेली ती कादंबरी त्यांनी पुन्हा लिहिली, ‘द ब्राइड प्राइस’ म्हणून ती १९७६ मध्ये आली. इथे फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात. दुकान सांभाळताना लिहिलेली पाने त्यांनी घरच्यांपासून वीसेक वर्षे लपवून ठेवली, तेव्हा कुठे ‘जिणं आमुचं’ आपल्या हाती आले. एकीचे जळले, दुसरीने जळू दिले नाही. दोघींचे पहिले वाचक घरातच होते, आणि त्यांचीच भीती होती.

कादंबरीचे नाव मराठीत ‘आईपणाची सुखे’ असे होईल. हे शब्द एमेचेटांनी फ्लोरा न्वापा यांच्या ‘एफुरू’ (१९६६) या कादंबरीच्या अखेरीतून उचलले. न्वापांची सरोवरदेवी निपुत्रिक असूनही सुखी आहे, बायका तिला भजतात. एमेचेटांनी ते शब्द उलटे करून पाहिले : मुलेच मुले असलेल्या बाईच्या वाट्याला काय येते? न्नू एगोचे पहिले मूल दगावते तेव्हा ती पुलावर जीव द्यायला धावते. पुढे मुले होतात आणि तीच तिची बेडी ठरतात. आमच्याकडे बेडी वेगळ्या टोकाने पडते. खाडा झाला की दंड, म्हणून पाळी नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिकडे गर्भाशयावर बाईची किंमत ठरते, इकडे त्याच्यामुळे मजुरी बुडते. दोन्हीकडे हिशेब दुसऱ्याच्या वहीत आहे.

कादंबरीत उणिवा आहेत. लेखिका इंग्रज वाचकाला मधूनमधून रीतिरिवाज समजावत बसते. तिथे गोष्ट थांबते. माझी मोठी तक्रार अडाकूविषयी आहे. ही न्नू एगोची सवत. फक्त मुलीच आहेत म्हणून तिला घरात मान नाही. ती घर सोडते, धंदा वाढवते आणि मुलींना शाळेत घालायचे ठरवते. हिशेबाची वही स्वतःकडे घेणारी ही एकच बाई, आणि तिला पाने मोजकीच. ‘स्त्रीवादी’ हे बिरूद एमेचेटांना सरसकट मान्य नव्हते. त्या संकोचाची सावली अडाकूवर पडली असावी, असा माझा तर्क.

शेवटी न्नू एगो रस्त्याच्या कडेला एकटीच मरते. मुलगे अमेरिकेत, कॅनडात. मग मुले येतात, कर्ज काढून थाटाचा अंत्यविधी करतात, तिच्या नावाचे देवस्थान उभारतात. नातसुना, लेकी तिथे मूल मागायला जातात. न्नू एगो कोणालाच मूल देत नाही. गावाला वाटते, ही बाई मेल्यावर दुष्ट झाली.