गट्टू : कथेविना पात्र

जाहिरातीतील बोधचित्राकडे साहित्यसमीक्षा सहसा वळत नाही. विक्रीसाठी घडवलेली प्रतिमा वाङ्मयीन विचाराचा विषय होऊ शकत नाही, हे त्यामागील गृहीतक. तथापि अशी एखादी प्रतिमा जवळजवळ अर्धशतक लोकांसमोर राहते आणि त्यानंतरही स्मरणात उरते, तेव्हा तिच्या टिकण्याचा प्रश्न बाजारशास्त्राइतकाच पात्रमीमांसेचाही ठरतो. एशियन पेंट्सचा ‘गट्टू’ हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय.

चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी व अरविंद वकील या चार मित्रांनी १९४२ मध्ये मुंबईत ही कंपनी स्थापन केली. युद्धकाळातील आयातबंदीमुळे देशी उत्पादकांना वाव मिळाला होता. परंतु मोठ्या शहरांतील घाऊक व्यापारावर परदेशी कंपन्यांची पकड होती. म्हणून या कंपनीने लहान गावांतील दुकानदारांकडे मोर्चा वळवला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी एक मुलगा रेखाटला : कपाळावर केसांची झुलपे, एका हाती रंगाचा डबा, दुसऱ्या हाती रंग ठिबकणारा ब्रश. त्याच्या नावासाठी ५०० रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा झाली आणि मुंबईच्या दोन स्पर्धकांनी सुचवलेले ‘गट्टू’ हे नाव स्वीकारले गेले. पात्राच्या निर्मितीत वाचक-प्रेक्षक असा आरंभापासूनच सहभागी होता. मुलांच्या बोलीतील ‘गट्टी’ची आठवण करून देणारे हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. शिवाय चित्राला साक्षरतेची अट नव्हती. गिरगावातील ग्राहक असो वा बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडसारख्या गावातील, दोघांनाही ते सारखेच उमगण्याजोगे होते.

रंगाच्या जाहिरातीने नीटनेटकेपणाची हमी द्यावी, ही अपेक्षा. गट्टू मात्र ओघळ घेऊन येतो. या विसंगतीतच त्याचे आकर्षण आहे. तो रंगवून झालेली भिंत दाखवत नाही, रंगवण्यातील आनंद दाखवतो. खोडीला क्षमा करण्याची एक जुनी रीत आपल्या परंपरेत आहे. गौळणींतील बाळकृष्ण दह्यादुधाची नासधूस करतो, आणि त्याच्याविषयीची तक्रारच त्याचे कौतुक होऊन बसते. गट्टू कृष्णकथेतून आला असे म्हणता येणार नाही. पण त्याच्याकडे पाहणारी दृष्टी त्या कथांनी आधीच घडवलेली होती.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद लावला, तर गट्टू निःसंशय सपाट ठरतो. त्याला आईबाप नाहीत, भूतकाळ नाही, वयही वाढत नाही. परंतु त्याचा अर्थ लक्ष्मण यांच्याच ‘कॉमन मॅन’शेजारी ठेवल्यावर अधिक उलगडतो. दोघेही मूक आहेत. वृद्ध कॉमन मॅन सर्व काही पाहतो, करत काहीच नाही. गट्टू करतो, आणि केल्याचा जाब कोणी विचारत नाही. एकाच रेषेने स्वातंत्र्योत्तर नागरिकाची हतबलता आणि त्याच काळातील उत्साह अशा दोन मूर्तींत विभागला.

मात्र या निरागसतेची दुसरी बाजूही पाहावयास हवी. इतिहासाने घडवलेल्या गोष्टीला मिथक निसर्गसिद्ध रूप देते, असे रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये ‘मिथॉलॉजीज’मध्ये दाखवले. भिंत प्रत्यक्षात रंगवतो तो रंगारी : शिडीवर उभा, चुन्याच्या धुळीत, रोजंदारीवर. त्याचा ब्रश गट्टूच्या हाती गेला की श्रमाची खोडी होते आणि मजुरी दृष्टीआड होते. घरमालकाला रंग आपलासा वाटावा यासाठी रंगाऱ्याच्या जागी लाडका मुलगा उभा राहिला. कोणत्या रंगाचा डबा घ्यायचा हे पूर्वी बहुधा रंगारी वा दुकानदार ठरवी. तो निर्णय हळूहळू घराच्या मालकाकडे आला, आणि या स्थित्यंतरात गट्टू मध्यस्थ होता.

म्हणूनच २००२ च्या सुमारास त्याला निवृत्त केले गेले, यात तर्कसंगती आहे. रंग ही आता डब्यातील वस्तू राहिली नव्हती, ती घराच्या व्यक्तिमत्त्वाची खूण झाली होती. अशा दिवाणखान्यात ओघळाला जागा कुठली? १९६६ पासूनची अमूलची मुलगी टिकली, कारण ती चालू घडामोडींवर बोलते. भाषा तिला दर वेळी नवा प्रसंग पुरवते. गट्टूपाशी एकच कृती होती, आणि तिचा संदर्भ सरताच तो थांबला.

तरीही २०१५ मध्ये लक्ष्मण यांचे निधन झाले, तेव्हा कॉमन मॅनबरोबर गट्टूचेही स्मरण केले गेले. वस्तूपासून सुटलेली प्रतिमा अशी स्वतंत्रपणे उरते, तेव्हा तिला केवळ विक्रीचे साधन म्हणून बाजूला सारता येत नाही. त्या प्रतिमेत कोणाचे बालपण दिसले याबरोबरच कोणाचे श्रम दिसेनासे झाले, हेही समीक्षेने विचारले पाहिजे. गट्टूच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे त्या ठिबकणाऱ्या ब्रशातच सापडतात.