कष्टाळू, नम्र, चपळ बोटांचे

व्हिएतनाममध्ये कारखाना काढू पाहणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी सल्लागार संस्था माहितीपुस्तिका काढतात. त्यातलं ‘मनुष्यबळ’ हे प्रकरण हाती लागलं तर जरूर वाचा. चार विभागांनुसार किमान वेतन, आठवड्याचे ४८ तास, सामाजिक विम्याचे हप्ते ही माहिती बहुधा नेटकी असते. पण कामगारांच्या ‘वैशिष्ट्यां’वर आलं की विशेषणं ठरलेली: कष्टाळू, तरुण, नम्र, चपळ बोटांचे. पुढे उणिवा: इंग्रजी कच्चं, आणि तेतला, म्हणजे नववर्षाच्या सणाला, गावी गेले की काहीजण परतत नाहीत. वधूवर सूचक मंडळातली स्थळं वाचतोय असं वाटतं.

ही वर्णनं सरसकट खोटी आहेत असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप एवढाच, की परिस्थितीने घडवलेल्या वागण्याला ती स्वभाव म्हणतात.

‘चपळ बोटं’ घ्या. डायॅन एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं, की निर्यातीच्या कारखान्यांत येणाऱ्या मुलींची बोटं जन्मजात चपळ नसतात. शिवणकामासारखी कामं त्या घरी शिकून आलेल्या असतात. शिक्षण घरात झालं म्हणून त्याला कुणी कौशल्य म्हणत नाही, आणि कौशल्य नाही म्हणून पगार कमी.

‘नम्रते’चंही तसंच. तिथला कामगार महासंघ कम्युनिस्ट पक्षाच्या छत्राखाली चालतो. कायदेशीर संपाची वाट इतकी लांबची, की कामगार तिला वळसा घालूनच संप करतात. मार्च २०१५ मध्ये हो चि मिन्ह शहरातल्या पोऊ युएन या बुटांच्या कारखान्यातले हजारो कामगार काम टाकून बाहेर पडले. नोकरी सुटल्यावर विम्याची रक्कम एकरकमी काढण्याची सोय नवा कायदा बंद करणार होता. त्यांचं भांडण मालकाशी नव्हतं, थेट सरकारशी होतं. जूनमध्ये संसदेने तो पर्याय कायम ठेवला. आता याला कोणतं विशेषण लावायचं?

राहिला तेत. सणाचा बोनस हातात पडेपर्यंत थांबायचं, गावाजवळ बरी नोकरी मिळाली तर परत यायचं नाही, हा सरळ हिशेब आहे. मजुरी वाढली म्हणून कंपनी चीनमधून व्हिएतनामला आली तर ते धोरण. कामगाराने तेच केलं तर तो बेभरवशाचा!

आपल्याला यातलं काही परकं वाटू नये. ‘भारतीय इंजिनियर मेहनती, कटकट न करणारे’ ही स्तुती अमेरिकेत आपण खुशीत ऐकतो. एच-१बीवर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. त्या माणसाने कटकट करायची कधी?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी अख्ख्या देशातल्या कामगारांचा स्वभाव सांगू लागलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: पगार किती, नोकरी सोडता येते का, आणि तक्रार करायची सोय काय? बरीचशी विशेषणं तिथेच गळून पडतील.