बोळातला बिबट्या आणि राहूची पोरं

नयन खानोलकर यांचा एक फोटो राहू गावच्या शाळेतल्या प्रत्येक पोराने निवांत पाहावा, असं मला मनापासून वाटतं. मुंबईच्या आरे कॉलनीत, वारल्यांच्या वस्तीत टिपलेला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत 2016 साली शहरी विभागात तो पहिला आला. रात्रीची वेळ, अरुंद बोळ, बाजूला घरं आणि त्या बोळातून आपल्या वाटेने निघालेला बिबट्या.

नजर आधी बिबट्यावरच जाते. मग लक्षात येतं, की त्याने फोटोत फारशी जागा घेतलेलीच नाही. जास्त जागा वस्तीची आहे. प्राण्याने सगळी चौकट व्यापू नये, अशाच बेताने खानोलकरांनी कॅमेरा लावून ठेवला होता. बोळात रोज असतो तसाच उजेड यावा, म्हणून फ्लॅशही त्याच हिशेबाने बसवले. मनासारखा फोटो मिळायला चार महिने गेले. कॅमेऱ्याचा आवाज झाला, तशी बिबट्याने क्षणभर तिकडे मान वळवली. त्या नजरेत राग दिसत नाही, 'कोण आहे?' एवढी चौकशी दिसते. मला या फोटोत सगळ्यात मोलाची वाटते ती ही नजर. दात विचकणारा बिबट्या आपण बातम्यांत नेहमी पाहतो. तो बहुतेक वेळा पिंजऱ्यातला असतो, नाहीतर गर्दीने घेरलेला. याला कुणी डिवचलेलं नाही. आणि हा फोटो वारल्यांना विश्वासात घेऊन काढलेला आहे. आधी त्यांना पटवलं, मग कॅमेरा लागला.

आता राहू. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधलं हे बेट. पाण्यामागे ऊस आला, उसामागे गुऱ्हाळं आली. त्याच उसात बिबट्याला लपायला आडोसा मिळाला. पाणी जवळ, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी धरायला गेलेला माणूस परत येईस्तोवर घरच्यांचा डोळा लागत नाही. नदीपलीकडे शिरूर तालुक्यात तर माणसांचे जीव गेले आहेत. तेव्हा बिबट्यासोबत राहण्याचा आरेतला समंजसपणा इथल्या माणसांना शिकवायला जाणं मला बरोबर वाटत नाही. पण जनावर जिथे राहतं ती जागा फोटोत आली पाहिजे, ही त्या फोटोमागची नजर मात्र इथल्या पोरांनी जरूर उचलावी.

त्याला महागडी लेन्स लागतेच असं नाही आणि ताडोबाही लागत नाही. याच स्पर्धेत 2018 साली दहा वर्षांपर्यंतच्या गटात पंजाबातल्या कपूरथळ्याचा एक मुलगा पहिला आला. त्याने काय टिपलं? एका जुन्या पाइपात दाटीवाटीने बसलेले दोन पिंगळे. तेही वडिलांच्या गाडीच्या खिडकीतून. पिंगळा राहूच्या पोरांना नवा नाही. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारे सुगरणीचे खोपे घ्या. नुसता खोपा मोठा करून काढला, तर तो कुठल्याही गावचा. खाली विहीर, कडेला मोटारीची केबल आणि मागे ऊस दिसला, की तो आपल्या शिवारातला.

आणि बिबट्या? त्याचा फोटो काढायला कुणी उसात शिरू नये. ऊसतोडीत बछडी सापडली, तर मोबाइल खिशात ठेवून लांब व्हावं आणि वनखात्याला 1926 वर कळवावं. मादी बहुधा रात्री पिल्लांना न्यायला परतते. गर्दी जमली, तर तिला जवळ येता येत नाही. पोरांसाठी त्याचा माग पुष्कळ आहे. सकाळी, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, पाटाच्या कडेच्या ओल्या मातीत पाहावं. चार बोटं, मागे रुंद गादी आणि नखांचे ओरखडे नाहीत. कुत्र्याच्या पावलाला नखं उमटतात. शेजारी पट्टी ठेवून सरळ वरून एक फोटो घ्यावा. मग दोन पावलं मागे सरून दुसरा, ज्यात पाट, बांध आणि उसाची कड येईल. तारीख, वेळ आणि वस्तीचं नाव लिहून ठेवलं, तर तो फोटो वनरक्षकाच्याही कामी येतो.