आंतरजालीय संवाद आणि इंग्रजी स्लँगचे अर्थांतर

आंतरजालावरील लेखनामुळे इंग्रजी भाषा बिघडत चालली आहे, अशी तक्रार सातत्याने केली जाते. तिचा रोख प्रामुख्याने संक्षेपांवर असतो. परंतु संक्षेप ही आंतरजालाची निर्मिती नव्हे. 'ओएमजी' हा संक्षेप ब्रिटिश आरमारातील लॉर्ड फिशर यांनी १९१७ मध्ये चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळतो. भ्रमणध्वनीवरील संदेशांत संक्षेपांचे प्रमाण समजले जाते त्याहून बरेच कमी असते, हे डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले. तेव्हा बदल शोधायचा तो शब्दांच्या रूपात नव्हे, तर त्यांच्या अर्थव्यवहारात.

'लोल' हा शब्द याचे पहिले उदाहरण होय. मोठ्याने हसणे हा त्याचा मूळ अर्थ. जॉन मॅक्‌व्होर्टर यांनी २०१३ मधील व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, हा शब्द आता हास्य सुचवीत नाही. तो बोलणाऱ्यांमधील सामंजस्य दर्शविणारा निपात झाला आहे. मराठीतील 'हं' किंवा 'बरं का' यांच्याशी त्याचे कार्य ताडून पाहता येईल. समोरासमोरच्या संभाषणात स्वर आणि मुद्रा जे काम करतात, ते लिखित संवादात अशा शब्दांकडे येते. येथे अर्थ झिजतो, पण भाषेची क्षमता वाढते.

हे विवेचन मार्मिक आहे. मात्र ते सर्व स्लँगला सरसकट लागू करता येत नाही. 'लोल' वर कोणा एका समाजाच्या अनुभवाची मुद्रा नव्हती. 'वोक' ची गोष्ट निराळी आहे. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीतील या शब्दाचा अर्थ 'जागा', 'सावध'. स्कॉट्सबरो खटल्यातील नऊ कृष्णवर्णीय मुलांवरील गीताच्या १९३८ मधील ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस गायक लेड बेली श्रोत्यांना असेच सावध राहण्यास बजावतो. तेथे सावधपणा हा जीव वाचविण्याचा मार्ग आहे. २०१४ मधील फर्ग्युसनच्या आंदोलनानंतर समाजमाध्यमांतून हा शब्द सर्वदूर पोहोचला. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड कोशाने हा नवा अर्थ नोंदविला. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने वंशविषयक अध्यापनावर व प्रशिक्षणावर बंधने घालणारा कायदा केला. त्याच्या प्रचलित नावात हाच शब्द निर्भर्त्सनेसाठी योजिलेला दिसतो. धोक्याची सूचना देणारा शब्द असा उपहासाचा विषय झाला.

बहुसंख्य समाज कृष्णवर्णीयांचे शब्द उचलतो आणि मग मूळ भाषकांना नवे शब्द घडवावे लागतात, ही प्रक्रिया विल्यम मेल्विन केली यांनी १९६२ मध्येच, 'वोक' हाच शब्द शीर्षकात घेऊन, 'न्यूयॉर्क टाइम्स' मधील लेखात मांडली होती. म्हणजे ही प्रक्रियाही आंतरजालाने निर्माण केलेली नाही. आंतरजालाने तिला वेग दिला आणि शब्दाचा प्रवास अनामिक केला. बोलणाऱ्याचा चेहरा, वस्ती, इतिहास मागे राहतो. हाती उरतो तो सुटा शब्द.

म्हणूनच अशा शब्दांना 'आंतरजालाची भाषा' किंवा 'नव्या पिढीची भाषा' असे संबोधणे निरुपद्रवी नाही. त्या नामकरणात मूळ भाषकसमाजाचे कर्तृत्व पुसले जाते. अर्थ बदलणे हा भाषेचा स्वभाव आहे, त्याला विरोध करणे व्यर्थ होय. मात्र शब्द कोणाकडून आला आणि वाटेत त्याने काय गमावले, याची नोंद ठेवणे हे अभ्यासकाचे उत्तरदायित्व ठरते.