पलटणीची आगबोट

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी 1939 साली प्रसिद्ध झाली. नावावर विसंबून ती हाती घेणाऱ्या वाचकाला तिच्यात तोफ, बंदूक, खंदक यांपैकी काहीच सापडत नाही. सापडते ती एक आगबोट. युरोपातून मुंबईकडे आणि मुंबईहून पुढे पूर्वेकडे निघालेली. तिच्यावर हिटलरच्या राज्यातून जीव घेऊन पळालेले ज्यू, काही हिंदी उतारू, आणि त्या गर्दीत चक्रधर व हॅर्टा यांचे ते थोडक्या दिवसांचे, जीवघेणे प्रेम. मुंबई आली की चक्रधर उतरतो आणि हॅर्टाला उतरता येत नाही. जगात कुठे तिला उतरता येईल, हाच प्रश्न असतो. युद्ध अजून पेटायचे आहे, आणि तरीही डेकवरचा माणूस न् माणूस त्याने होरपळलेला आहे. कादंबरीला ‘रणांगण’ म्हणण्याचा अधिकार बेडेकरांनी असा मिळवला आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदराखेरीज दुसरे काही नाही.

पण हे पुस्तक चौथ्यांदा वाचून मिटले तेव्हा एक विचार मनात आला, तो काही केल्या जाईना. मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या बोटीवर रणांगण आहे, पण शिपाई नाही. आणि ज्या बोटींवर शिपाई होते, हजारोंनी होते, मराठी बोलणारे होते, त्या बोटी आमच्या कादंबरीच्या बंदराला फारशा लागलेल्याच नाहीत.

कोणी म्हणेल, मराठी शिपाई समुद्र ओलांडून गेलाच कितीसा! समुद्र ओलांडला की जात बाटते ही समजूत आपण शाळेच्या इतिहासात वाचली, आणि बंगालच्या पलटणीत त्यावरून रणे माजली हेही खरे. मुंबई इलाख्याची गोष्ट मात्र निराळी होती. 1801 साली जनरल बेअर्डबरोबर मुंबईच्या देशी पलटणी तांबड्या समुद्रातून इजिप्तला गेल्या. 1856 मध्ये त्या इराणच्या बुशहरवर उतरल्या. 1867-68 च्या हबसाण मोहिमेत तर मुंबई बंदरातून शिपायांबरोबर 44 हत्तीही जहाजावर चढले. (हत्ती चढवताना गोदीत काय गोंधळ उडाला असेल, यावर एक सुरेख विनोदी कथा होईल. चिं. वि. जोशी यांच्यासारख्याने ती लिहायला हवी होती.) तेव्हा शिपाई बोटीवर चढला होता. चढला नाही तो लेखक.

पहिल्या महायुद्धाचा काळ घ्या. 1914 च्या ऑक्टोबरात सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली. तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. मागाहून 103 वी आणि 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री गेली. आपण कोठे निघालो हे शिपायाला माहीत नव्हते. फ्रान्सला म्हणावे तर बोटी मधूनच वळल्या आणि इराणच्या आखातात बहारीनसमोर नांगर टाकून उभ्या राहिल्या. जमिनीवर उतरण्याची परवानगी नाही. लोखंडी तळघरात उकाडा, वर डेकवर ऊन, पलीकडे किनारा दिसतो आहे, आणि कोणी काही सांगत नाही. 6 नोव्हेंबरला फाव येथे पहिले शिपाई उतरले. पुढे बसरा, अमारा, टेसिफोनची लढाई, आणि मग कूट. कूटचा वेढा डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत चालला. या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात उपाशी मेल्या, शरण गेल्या आणि तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवीत गेल्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतली पोरे होती ती. टेसिफोनचे जखमी लोक नदीतल्या बोटींवर कसे दिवसच्या दिवस घाणीत पडून बसऱ्याला आले, याची हकीकत मेजर कार्टर या सरकारी डॉक्टरानेच चौकशी कमिशनपुढे सांगितली. 1917 साली ती छापून प्रसिद्ध झाली, तेव्हा विलायतेत हिंदुस्थानमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. एवढे नाट्य तयार असताना आमची कादंबरी काय करीत होती? ती पुण्यातल्या वाड्यांत होती. विधवेच्या केसांचा आणि सुशिक्षित तरुणाच्या लग्नाचा प्रश्न सोडवीत होती. ते प्रश्न खोटे नव्हते. पण त्याच वेळी वाड्याला दूध घालणाऱ्याचा मुलगा बसऱ्याला मरत होता.

हिंदीत असे झाले नाही. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा 1915 सालीच, लढाई ऐन भरात असताना छापली गेली. शीख शिपाई, फ्रान्समधले खंदक, थंडी, आणि लहानपणी बाजारात भेटलेल्या मुलीची आठवण. कथा अप्रतिम आहे, यात वाद नाही. तरी एक बारकाई पाहण्यासारखी आहे. अमृतसरच्या बाजारातून गुलेरी आपल्याला एका उडीत खंदकात नेऊन टाकतात. मधला समुद्र नाही. बोट तिथेही सुटलीच. ती पकडली मुल्कराज आनंदांनी: ‘अॅक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या त्यांच्या इंग्रजी कादंबरीत पंजाबी शिपायांची पलटण मार्सेल्सच्या धक्क्याला लागते, तिथेच गोष्ट सुरू होते. ही कादंबरी आणि ‘रणांगण’ जवळजवळ एकाच वेळी जन्मल्या. एकीत हिंदी शिपाई बोटीने युरोपात जातो. दुसरीत हिंदी उतारू बोटीने युरोपातून परत येतो. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी शिफारस आहे.

मराठी कवीला समुद्राचे आकर्षण नव्हते असे कोण म्हणेल? सावरकरांनी सागराला साकडे घातले. कुसुमाग्रजांनी ‘विशाखा’त कोलंबसाला समुद्राशी झुंजवले, ते गर्वगीत मी वर्गात वाचतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरेसुद्धा ताठ बसतात. पण या कविता एका माणसाच्या इच्छेच्या आहेत. त्याला जायचे आहे किंवा परतायचे आहे, आणि समुद्र आडवा आला आहे. पलटणीच्या बोटीवर कोणाचीच इच्छा चालत नाही. तिथे माणूस पाळीने जेवतो, पाळीने झोपतो. रात्री गोल खिडक्या बंद आणि विडी ओढायलाही बंदी. हिंदूंची चूल निराळी, मुसलमानांची निराळी. रिसाल्याची बोट असली तर खालच्या मजल्यावर घोडे. त्यांना बसता येत नाही, सारा प्रवास ते उभ्याने करतात, आणि बोट हेलकावली की त्यांच्या टापांचा आवाज वर ऐकू येतो. आमच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीला ही गोष्ट परकी नाही. इथे पूर्वी हैदराबाद कंटिंजंटच्या फौजा असत. त्याच कंटिंजंटच्या रिसाल्यातून पुढे विसावी डेक्कन हॉर्स झाली. ती फ्रान्सला गेली आणि 14 जुलै 1916 रोजी सोमच्या लढाईत घोड्यांवरून तुटून पडली. निजामाचे हैदराबाद लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाइनला गेले. दोन्हींचा खर्च निजामाच्या तिजोरीतून झाला. म्हणजे आमच्या शेतसाऱ्याचे पैसे बोटीवर चढले, गोष्ट मात्र चढली नाही.

याचे कारण मला फार गूढ वाटत नाही. विलायतेला जाणाऱ्या मराठी लेखकाचे तिकीट वरच्या मजल्याचे असे. त्याची प्रवासवर्णने वाचा: जेवणाचे टेबल, काटेचमचे, एडनचे दिवे, बोट लागली म्हणून आलेली ओकारी. खालच्या तळघराचा जिना त्याने पाहिला असेल, पण तो उतरला नाही. आणि जो खाली होता त्याला लिहिता येत नव्हते; त्याचे पत्र पलटणीतला कोणी लिहून देई आणि ते साहेबाच्या हाताखालून जाई. लिहिणारा आणि भोगणारा एकाच बोटीवर असून कधी भेटले नाहीत, असा हा प्रकार आहे. बेडेकर मोठे ठरतात ते इथेच. त्यांच्या चक्रधरने निदान शेजारच्या डेकवरच्या परक्या माणसाचे दुःख पाहिले.

वर्गातही मला हेच दिसते. ‘जखमी सैनिकाचे आत्मवृत्त’ हा निबंध आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो. दरवर्षी तोच बर्फ, तोच शत्रू, तीच गोळी उजव्या पायाला. बोट एकाही वहीत येत नाही. मुलांनी ती वाचलीच कुठे? शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतल्या सेनिओ नदीच्या काठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडग्यांना तो आदल्या वर्षी तिबेर नदीच्या खोऱ्यात मिळाला, मरणोत्तर. ही नावे आता मुलांना सांगितली जातात, हे चांगलेच आहे. पण निमजहून सेनिओला माणूस जातो कसा, मधल्या पाण्यावर त्याच्या मनाचे काय होते, हे पदकाच्या मानपत्रात नसते. ते सांगणे कादंबरीचे काम आहे.

साधनांची वाण आहे असेही नाही. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे घ्या; त्या एका गावाचे 46 जण पहिल्या महायुद्धात मेले, आणि तिथे त्यांचे स्मारक आहे. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या सदनात, त्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. पलटणीच्या बोटी चालवणारेही आपलेच होते, कोकणचे आणि गोव्याचे. याउलट बसऱ्याचे स्मारक पाहा. तिथे गोऱ्यांची आणि हिंदी अंमलदारांची नावे कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा: अमुक पलटण, इतर इतके. ही वागणूक अन्यायाची होती, हे युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या कमिशनने 2021 साली मान्य केले. आमच्या साहित्याने आकडासुद्धा लिहिला नाही.

दक्षिण आफ्रिकेची एक गोष्ट सांगतो. 21 फेब्रुवारी 1917 रोजी ‘मेंडी’ नावाची बोट इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या बोटीची धडक बसून बुडाली. तिच्यावर आफ्रिकी मजूर तुकडीचे लोक होते. बंदूक त्यांच्या हाती दिलीच नव्हती. सहाशेहून अधिक बुडाले. त्यांच्यावर म्खायी या कवीने खोसा भाषेत शोककाव्य लिहिले. बोट बुडताना त्यांच्यातल्या एका धर्मोपदेशकाने सर्वांना धीर देऊन अनवाणी नाचायला लावले, अशी कथा तोंडी चालत आली. ती अक्षरशः घडली की नाही, यावर पंडित वाद घालोत. पण बुडालेल्या माणसांना त्या लोकांनी नाव, आवाज आणि पावलांचा ठेका दिला. खोसा बोलणारे लोक संख्येने मराठीपेक्षा कितीतरी थोडे आहेत.

मला स्वतःला कोणी ही कादंबरी लिहायला बसवले तर मी कूटपासून सुरुवात करणार नाही. तिथे उपासमार आहे, आणि उपासमार लेखकाला लवकर रडवी करते. मी बहारीनसमोरचे ते दिवस घेईन. लढाई अजून झालेली नाही, कोणी मेलेले नाही. 117 व्या पलटणीतला एक शिपाई कठड्याला टेकून समोरचा किनारा बघतो आहे, आणि हा कोणाचा मुलूख म्हणून शेजारच्याला विचारतो आहे. शेजारच्यालाही ठाऊक नाही.