दिवेकर, दीक्षित आणि कारल्याचा रस : मधुमेहाचे उपाय तोलायचे कसे?



२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत एकच वाद रंगला होता, आठवतंय? दिवेकर की दीक्षित? ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नको. (मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची, हे दीक्षित स्वतःच सांगतात.) तो वाद आता निवलाय, पण मोबाईलवर रोज नवं काहीतरी येतंच. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, दालचिनी, जांभळाच्या बियांची पूड, सोळा तासांचा उपास. आणि बहुतेकांच्या शेवटी तेच वाक्य : "गोळ्या कायमच्या बंद!"

आयसीएमआर-इंडिआब या पाहणीने २०२३ मध्ये भारतातल्या मधुमेहींचा अंदाज दिला : सुमारे १० कोटी १० लाख. म्हणजे हे वाक्य तुमच्या घरात कुणीतरी वाचलेलं असणारच. मी जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते, रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. त्यामुळे कुणाला औषध सांगणं हे माझं काम नाही. पण दावा कसा तपासायचा, हे आमच्या रोजच्या कामातलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : "हा उपाय चालतो का?" हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा हवा : किती मात्रेत, कुणाला, आणि कशाच्या ऐवजी?

"माझी साखर तर उतरली ना!"

उतरली असेल. खोटं कुणी बोलत नाही. पण नवा काढा माणूस कधी सुरू करतो? रिपोर्ट वाईट आल्यावर. आणि त्याच आठवड्यात चहातली साखर बंद होते, संध्याकाळचं फिरणं सुरू होतं, डॉक्टरांच्या गोळ्याही वेळेवर घेतल्या जातात. शिवाय साखर रोज वरखाली होतच असते; फार चढलेला आकडा पुढच्या वेळी थोडा खाली येण्याचीच शक्यता जास्त. मग श्रेय कुणाचं? काढ्याचं की घाबरण्याचं?

हे वेगळं काढायला तुलना लागते. सारख्याच लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला काढा द्यायचा, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण निरुपयोगी काहीतरी, आणि काही महिने थांबायचं. महिने अशासाठी की एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि साखरेचा हिशोब अंगावर बाळगतात.

दालचिनी, कारलं, मेथी

दालचिनीची कीर्ती वाढली ती २००३ च्या पाकिस्तानातल्या एका अभ्यासामुळे. ६० रुग्ण, ४० दिवस. उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. आकडा भारीच आहे. पण ४० दिवस म्हणजे एचबीए१सीच्या दृष्टीने अर्धवट काळ, आणि ती तपासणी त्यात नव्हतीच. पुढे बरेच अभ्यास झाले. कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात असे १० अभ्यास, ५७७ रुग्ण एकत्र तपासले गेले. निष्कर्ष : दालचिनी वापरा असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

कारल्याचंही तसंच. थायलंडमध्ये २०११ साली एक सरळ सामना झाला. दिवसाला २००० मिलिग्रॅम कारल्याची पूड विरुद्ध १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन, चार आठवडे. कारल्याने थोडा परिणाम दाखवला, पण मेटफॉर्मिनपेक्षा कमी. "कारल्यात काहीच नाही" असं यातून ठरत नाही. "मेटफॉर्मिनच्या ऐवजी कारलं" हे मात्र ठरत नाहीच.

मेथीची गोष्ट जास्त बोलकी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९० च्या सुमारास मेथीवर चांगलं काम झालं. साखर उतरलीही. पण मात्रा किती होती? एका अभ्यासात दिवसाला १०० ग्रॅम, तेल काढलेल्या मेथीची पूड! दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात निम्मी निम्मी. आपण रात्री भिजत घालतो तो चमचा असतो चारपाच ग्रॅमचा. म्हणजे "मेथीवर संशोधन झालंय" हे वाक्य खरं, आणि त्यावरून एका चमच्याचं पाणी पिऊन गोळी सोडणं मात्र निराधार. व्हिडिओत पहिली गोष्ट सांगतात, ग्रॅम सांगत नाहीत.

वनस्पती विरुद्ध केमिकल?

"गोळ्या म्हणजे केमिकल, झाडपाला म्हणजे निसर्ग" ही विभागणी तर मला अजिबातच पटत नाही. मेटफॉर्मिनचं मूळ शोधत गेलात तर युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपापाशी पोचता. त्यातला गॅलेगीन हा पदार्थ साखर उतरवत होता, पण माणसाला झेपत नव्हता. त्याच्याच नात्यातलं, सोसवणारं रसायन म्हणजे मेटफॉर्मिन. पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहासाठी पुढे आणलं. हल्ली वापरात असलेल्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांचा पूर्वजही सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडला होता, १८३५ साली.

म्हणजे झाडपाल्याला विज्ञानाने हाकलून दिलेलं नाही. त्यातलं काम करणारं काय ते वेगळं काढलं, मोजलं, विषारी काय ते पाहिलं, मग मात्रा ठरवली. ही मोजणी न झालेली पुडी "नैसर्गिक" असेल, पण बिनधोक असेलच असं नाही. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

उपासाचं काय?

इथे मात्र पारडं वेगळं झुकतं. उपासाला भक्कम पुरावा आहे, फक्त तो व्हिडिओत सांगतात त्या गोष्टीचा नाही.

आधी आपला जुना वाद. २०१४ मध्ये प्राग शहरातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ५४ जणांना १२ आठवडे दोन जेवणं आणि १२ आठवडे सहा छोटी खाणी अशा दोन्ही पद्धतींनी जेवायला लावलं. उष्मांक दोन्हींत सारखेच, गरजेपेक्षा रोज ५०० ने कमी. दोन जेवणांत वजन ३.७ किलो उतरलं, सहांत २.३ किलो. दीक्षितांच्या बाजूने गुण? हो, पण थांबा. प्रागमधली दोन जेवणं होती सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्री काही नाही! आपल्याकडे दोन वेळा जेवणारे बहुतेक जण रात्रीचं जेवण ठेवतात आणि न्याहारी सोडतात. त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

दीक्षितांच्या मांडणीत मला आवडतं ते हे, की त्यात कुठलीही पावडर विकत घ्यावी लागत नाही. खटकतं ते हे, की सगळा भर "प्रत्येक खाण्यागणिक इन्शुलिन सुटतं, म्हणून कमी वेळा खा" या यंत्रणेवर आणि लोकांच्या अनुभवांवर आहे. यंत्रणा फळ्यावर पटली तरी परिणाम मोजावाच लागतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १३७ रुग्णांवरचा अभ्यास आला. एका गटाला आठवड्यातून दोन दिवस फक्त ५०० ते ६०० उष्मांक, दुसऱ्याला रोजच थोडं कमी. वर्षभराने दोन्ही गटांचं एचबीए१सी जवळपास सारखंच सुधारलं. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण किती खाल्लं, याला वजन जास्त.

सगळ्यात मोठा पुरावा ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासाचा. ३०६ जण, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले, वजन जास्त, इन्शुलिन न घेणारे. त्यांतल्या एका गटाला तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आसपास उष्मांकांचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात फक्त ४ टक्के. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला. त्यांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी तपासून.

आणि आपला उपास? "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगाच नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. वर बटाटा, रताळं, भगर. देवाला चालेल, ग्लुकोमीटरला नाही.

"ऐवजी" या शब्दाची किंमत

इन्शुलिन येण्याआधी उपास हाच मधुमेहावरचा मुख्य उपचार होता. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन १९१० च्या दशकात रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत. एलिझाबेथ ह्यूज ही टाइप १ ची मुलगी त्या उपचारात वीसेक किलोची उरली होती. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला इन्शुलिन मिळालं आणि ती १९८१ पर्यंत जगली. टाइप १ मध्ये शरीर इन्शुलिन बनवतच नाही, त्यामुळे तिथे "ऐवजी" ला जागाच नाही. कुठला काढा, कुठला उपास, कितीही चांगल्या मनाने सांगितलेला असो, इन्शुलिन बंद करायचं नाही.

टाइप २ असेल आणि उपास करायचाच असेल, तर आधी गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू ठेवून जेवण टाळलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर कडक उपास केला, तर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मात्रा आधी बदलायची, उपास मग.

मेथी, कारलं खुशाल खा, भाजी म्हणून ती उत्तमच आहेत. पण कुणी "गोळी सोडा" म्हणालं, तर त्याला विचारा : किती ग्रॅम? किती महिने? कुणाला दिलं होतं? तुलनेला कोण होतं? आणि माझी साखर चढली तर रात्री दोन वाजता फोन कुणाला करू? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर गोळी चालू ठेवा.