मराठी बोलणारा येशू

डिसेंबर लागला की सांता क्लारातल्या मराठी घरांतही झाड उभं राहतं, दिव्यांच्या माळा लागतात आणि फराळाच्या डब्यात कुकीज येतात. त्यात वावगं काहीच नाही. पण हा सण ज्याच्या जन्माचा आहे तो येशू कोण, असं मुलांनी विचारलं की आपलं उत्तर फार लवकर संपतं. 'त्यांचा देव,' एवढं म्हणून आपण मोकळे होतो. या 'त्यांचा' शब्दाबद्दल तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. मी ख्रिस्ती नाही. मराठी पुस्तकांचा वाचक म्हणून लिहितो आहे.

आधी काही समजुती बाजूला ठेवू. 'ख्रिस्त' हे येशूचं आडनाव नव्हे. तो ग्रीक शब्द आहे आणि 'मसीहा' या हिब्रू शब्दासारखाच त्याचा अर्थ 'अभिषिक्त' असा होतो. येशू गोरा युरोपियनही नव्हता. तो गालीलमधला ज्यू, अरामी बोलणारा. त्याचं मूळ नाव येशुआ. म्हणजे आपला 'येशू' हा उच्चार इंग्रजी 'जीझस'पेक्षा मूळ नावाच्या जास्त जवळचा! २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत कुठेही नाही. पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष तीन होते, असंही मत्तय सांगत नाही. भेटी तीन होत्या, म्हणून माणसं तीन झाली. आणि आपल्या गावाच्या नावातली 'सांता' म्हणजे असिसीची संत क्लारा. लाल टोपीवाल्या आजोबांशी तिचा काही संबंध नाही.

सगळ्यात घट्ट बसलेली समजूत मात्र वेगळीच आहे. येशू आपल्याकडे इंग्रजांच्या बोटीतून आला आणि मराठीला तो परकाच राहिला, असं आपण धरून चालतो. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली १६६८ मध्ये. त्याच्या बावन्न वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं. ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण राज्यकर्ते म्हणून आलेले नव्हेत; जेझुइट संघाचे पाद्री म्हणून ते १५७९ मध्ये गोव्यात उतरले. सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये त्यांनी बायबलची कथा सांगितली. पुस्तक छापलं रोमन लिपीत, पण चाल आपल्या पुराणांचीच. एकनाथांना जाऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. सुरुवातीलाच स्टीफन्स मराठीची थोरवी गातात. त्यात खड्यांमधलं रत्न येतं, फुलांमधला मोगरा येतो. परक्या माणसाने आपल्या भाषेवर इतकं प्रेम केलेलं वाचलं की ऊर भरून येतो.

पण नुसता ऊर भरून येणं म्हणजे वाचन नव्हे. हे पुराण ज्या सासष्टीत लिहिलं गेलं तिथली देवळं अर्धशतकापूर्वीच पाडली गेली होती, आणि गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून चालू होतं. नव्याने बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतल्यावर जी पोकळी उरली, ती भरण्यासाठी हे नवं पुराण आलं. स्टीफन्स स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणतात. हा शब्द एकीकडे ऐकणाऱ्याला आपलंसं करतो. दुसरीकडे ज्याचं वैकुंठ त्या विष्णूला मात्र तिथे जागा नाही. हे पुराण मूर्तिपूजेची निंदाही करतं. तुम्ही ते वाचा, जरूर वाचा. पण ओवीच्या गोडव्यात ही बाजू विरघळू देऊ नका.

आपल्याच गावात याचा एक नातलग उभा आहे. १७७७ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी इथे मिशन स्थापन केलं. इथल्या ओहलोनी लोकांना त्यांनी येशू दिला, आणि त्याच काळात त्या लोकांचं जगणं, भाषा, माणसं उद्ध्वस्त झाली. आज मिशनचं चर्च सांता क्लारा विद्यापीठाच्या आवारात आहे आणि विद्यापीठ जेझुइटांचं आहे, म्हणजे स्टीफन्सच्याच संघाचं. तिथून जाताना मनात एक प्रश्न येतो: येशू आणि त्याच्या नावाने चाललेली सत्ता, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात का?

हे काम मराठीत कोणी केलं असेल तर पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर मंडळींशी वाद सुरू केला. त्रैक्याचा सिद्धांत सांगितला म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, ती संस्कृतपेक्षा पवित्र आहेत का, असं त्यांनी स्पष्ट विचारलं. येशू स्वीकारला म्हणून इंग्रजांचं चर्च स्वीकारलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं अशी भाषा त्यांना हवी होती, आणि हिंदू धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द त्या टाळत होत्या. स्टीफन्सनी वैकुंठ घेतलं, रमाबाईंनी तो रस्ताच सोडला. मला रमाबाईंची वाट अधिक प्रामाणिक वाटते, पण त्या वाटेवर ओवीचा नाद हरवतो हेही खरं.

तो नाद परत आणला नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी येशूवर अभंग लिहिले आणि 'ख्रिस्तायन' हाती घेतलं. ते अपुरं ठेवून १९१९ मध्ये ते गेले, आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वाला नेलं.

येशू कोण, याचं मला पटलेलं उत्तर मात्र 'ख्रिस्तायना'त नाही. ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून कोसळलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई बाप्तिस्म्याच्या आधीच जात मनातून काढून टाकते. पुढे तिचं घर पोरक्या मुलांचं होतं. शुभवर्तमानातला येशू महारोग्याला हात लावतो, शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, जकातदारांच्या पंक्तीला बसतो, शिष्यांचे पाय धुतो. शिवाशिवीच्या समाजाला या प्रत्येक कृतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. लक्ष्मीबाई येशूवर प्रवचन करत नाहीत; त्यांच्या हसऱ्या, बोलक्या मराठीत तो आपोआप कळतो.

ही परंपरा आपल्या काळापर्यंत आली आहे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला मात्र धर्माच्या नावाने विरोध झाला. ज्या भाषेत ख्रिस्ती पुराणाला चारशे वर्षं झाली, त्या भाषेत हा माणूस आपला कसा, असं विचारलं गेलं.

तुम्ही-आम्ही इथे हाच प्रश्न उलट बाजूने झेलतो. आपली मुलं वर्गात गणपतीबद्दल सांगतात तेव्हा तो 'त्यांचा देव' ठरू नये, एवढीच आपली अपेक्षा असते. मग वसईतल्या, अहमदनगरमधल्या मराठी ख्रिस्ती घरांनाही तेवढा हक्क द्यायला नको का? विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. या डिसेंबरात मुलांनी विचारलंच, तर 'स्मृतिचित्रे'मधली चार पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ती पानं ऐकल्यावर 'त्यांचा' हा शब्द तुमच्याच तोंडी अडखळेल.